वास घेऊन घेतलेला लॅपटॉप

मावशीने लॅपटॉप उघडला नाही. आधी उलटा केला आणि त्याचं पोट दाबलं.

अंगठ्याने, बरोबर मधोमध. प्लास्टिक किंचित आत गेलं आणि टक् आवाज करून परत वर आलं. मावशीने माझ्याकडे बघितलं.

"मऊ हाय."

"मावशी, तो लॅपटॉप आहे. पापलेट नाही."

"मऊ ते मऊ. दुसरा दाखव."

मालाड पश्चिमेला माझं लॅपटॉपचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. एकोणीस वर्षं झाली. या काउंटरवर मी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली. कुणी फक्त रंग बघतं. कुणी स्टिकरवरचे आकडे मोठ्याने वाचतं आणि आपल्याला समजलं अशी मान हलवतं. एका आजोबांनी तर लॅपटॉप कानाशी धरून हलवून बघितला होता, नारळ बघावा तसा. पण पोट दाबणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

खरं तर इतकी वर्षं गिऱ्हाईक मी होते. हिरामावशी आमच्या बाजारात मासे विकते, दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. राहते मनोरीला. सकाळी फेरीबोटीने मार्व्याला उतरते आणि तिथून पाटी घेऊन बाजारात येते. दहा वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते, कारण मला मासे कळत नाहीत. आमचं गाव बुलढाण्याकडे. लग्न होऊन मालाडला आले तरी कित्येक वर्षं मला बांगडा कुठला आणि रावस कुठला, हेही सांगता यायचं नाही. मावशीने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. मला काहीही खपवायची तिला उत्तम संधी होती. तिने मला विचारलं, "किती माणसं? तळायचं का कालवण? पोरं काटं काढतात का?" माझी उत्तरं ऐकली आणि मगच पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

तेव्हापासून दर रविवारी हेच. ती विचारते, मी सांगते, ती देते. वर तिचा एक नियम आहे. मासा खराब निघाला तर त्याचं डोकं परत आणायचं आणि दुसरा न्यायचा. दहा वर्षांत मला एकदाही डोकं घेऊन जावं लागलेलं नाही.

आता पारडं फिरलं होतं. न कळणारी मावशी होती आणि कळणारी मी. सोबत तिची मुलगी प्राची होती. बावीस वर्षांची, चुणचुणीत, पण त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसली होती. तिला गोरेगावच्या एका स्टुडिओत नोकरी लागली होती. कुठल्याशा मालिकेच्या युनिटमध्ये असिस्टंट. पहिला महिना ट्रायल. अट एकच, स्वतःचा लॅपटॉप आणायचा. तो दिवस गुरुवार होता आणि सोमवारपासून कामावर हजर व्हायचं होतं.

"आमच्या घरात पैलीच नोकरी हाय ही," मावशी म्हणाली. "नायतर सगळी बोटीवर नायतर पाटीवर. हिचं नीट बसलं पायजे."

मी मनात म्हटलं, सुजाता, दहा वर्षांचे मासे फेडायची हीच वेळ. आणि मी समजावायला सुरुवात केली. समजावणं हा माझा आवडता छंद आहे, नवऱ्याला विचारा.

"हे बघ मावशी. लॅपटॉप दोन जातीचे. एक बजेट, एक प्रोफेशनल. बजेटवाला म्हणजे तू आत्ता दाबलास तो. बॉडी प्लास्टिकची, बिजागरी नाजूक, स्क्रीन जरा फिकी. घरी बसून अभ्यास करायला, मेल बघायला ठीक. प्रोफेशनल म्हणजे दिवसभर कामाला जुंपायचा. बॉडी दणकट, आतले पार्ट बदलता येतात, बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येतो."

"दोन्हीत काम तेच होतं ना?"

"होतं, पण किती आणि किती वेळात, ते बघायचं. रॅम म्हणजे तुझा मासे कापायचा पाट समज. पाट लहान असेल तर एका वेळी एकच मासा. मोठा असेल तर चार मांडून बसता येतं. एसएसडी म्हणजे बर्फाची पेटी. सगळा माल त्यात ठेवायचा, लागेल तसा पाटावर घ्यायचा. आणि प्रोसेसर म्हणजे—"

"म्हणजे मी," मावशी म्हणाली.

मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. आता तर मला चांगलाच चेव चढला. मी प्राचीला म्हटलं, "स्टुडिओत म्हणजे एडिटिंग असणार. व्हिडिओचं काम. त्याला साधा प्रोफेशनलसुद्धा पुरायचा नाही. ग्राफिक्स कार्डवाला लागेल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रांची हमाली करणारा वेगळा माणूस. बरोबर ना?"

प्राचीने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मी बघितलं नाही. मी तोवर वरच्या कप्प्यातून काळा, जाडजूड, लाल रेघेचा लॅपटॉप उतरवत होते.

मावशीने तोही उलटा करून दाबला. "हा कडक हाय," तिने कबूल केलं. मग किंमत विचारली. मी सांगितली. तिने लॅपटॉप सावकाश काउंटरवर ठेवला, जणू तेवढ्यानेही किंमत वाढेल.

"एवढ्यात ह्यांचं जाळं येतं," ती म्हणाली.

ह्यांचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. जुनं जाळं ठिगळं लावून लावून दमलं होतं आणि यंदा नवीन घ्यायचं ठरलं होतं. मावशीने प्राचीकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. "जाळं पुढल्या वर्षी. पोरीचं आधी."

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. माझ्या दुकानात मीच रंगवून घेतलेली एक पाटी आहे. 'आधी काम सांगा, मग बजेट सांगा.' ती माझ्या पाठीमागे भिंतीवर आहे. त्यामुळे ती सगळ्या मालाडने वाचली आहे, मी सोडून.

मला इतकंच सुचलं की मावशीचाच नियम मावशीला लावावा. म्हटलं, "हा माझा डेमो पीस आहे. सोमवारी प्राचीला कामावर नेऊ दे, वापरून बघू दे. पटला तर पैसे आणि नवा सीलबंद पीस. नाही पटला तर डोकं परत आण."

मावशी हसली. प्राची हसली नाही. लॅपटॉप पिशवीत टाकून दोघी गेल्या आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

सोमवारी दुपारी प्राचीचा फोन आला. ती इतक्या हळू बोलत होती की मला दुकानातला पंखा बंद करावा लागला. पंख्याचाच विषय निघणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

"ताई, ह्याचा आवाज बंद करता येतो का?"

"स्पीकर म्यूट कर ना."

"स्पीकर नाही. पंखा. आतला पंखा."

झालं होतं असं. त्या मालिकेत संवाद नंतर स्टुडिओत रेकॉर्ड करत नाहीत, तिथल्या तिथे, अभिनय चालू असतानाच करतात. त्यामुळे टेक सुरू झाला की सेटवरचा एसी बंद, पंखे बंद, माणसांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. वरून दिवे तापलेले. अशा भट्टीत माझा काळा लॅपटॉप चालू होता. ग्राफिक्स कार्डवाले लॅपटॉप गरम होतात आणि गरम झाले की त्यांचे पंखे जोरात फिरतात. नायिका रडत रडत पत्र वाचत होती. कोपऱ्यातून घूं आवाज सुरू झाला. साउंड रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला आणि विचारलं, "ये मिक्सर किसका चल रहा है?"

सगळ्या युनिटने प्राचीकडे बघितलं. नायिकेला परत रडावं लागलं. दुसऱ्या टेकलाही तेच. तिसऱ्या वेळी प्राचीने लॅपटॉपच बंद केला आणि हाताने वहीत लिहिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेर व्हरांड्यातला सीन होता. तिथे उन्हात त्याच्या चकचकीत स्क्रीनमध्ये तिला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं. ते बघण्यासारखं नव्हतं, असं ती म्हणाली. त्यातच बॅटरी संपली. आणि सेटवर एक प्लग मोकळा असेल तर शपथ, सगळे दिव्यांना लावलेले.

"पण तू एडिटिंग करतेस ना? मग सेटवर काय करतेस?"



"ताई, मी कंटिन्युइटीला आहे."

मी खुर्चीत बसले. कंटिन्युइटी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. एकच सीन तुकड्यातुकड्यांनी शूट करतात, कधी कधी दोन दिवसांनी. पहिल्या तुकड्यात नायिकेच्या उजव्या हातात कप असेल तर दुसऱ्यातही उजव्याच हातात हवा. पदर कुठल्या खांद्यावर होता, घड्याळात किती वाजले होते, दिवा लागला होता का, हे सगळं टेकागणिक टिपून ठेवणारी मुलगी म्हणजे प्राची. तिला लागतं काय? टाइप करायला आणि फोटो ठेवायला जागा. बस. यासाठी मी तिला चित्रांचा हमाल दिला होता.

"अगं मग गुरुवारी बोलली का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही इतकं छान समजावत होतात." मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "आणि मला वाटलं, महागातला घेतला की नोकरी पक्की."

माझे कान गरम झाले. तिच्यावर रागवावं असं क्षणभर वाटलं, पण राग स्वतःवरचा होता, तो तिच्या गळ्यात कसा घालणार.

"मॅडम काय म्हणाल्या?" तिची वरिष्ठ एक मोहिनी मॅडम होती, तीस वर्षं कंटिन्युइटी करणारी.

"म्हणाल्या, उद्या सकाळी आवाज न करणारं मशीन घेऊन ये. नाहीतर त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे, तिच्याकडे तसं मशीन आहे."

संध्याकाळी साडेसहाला मावशी दुकानात आली, मागे प्राची. मावशीच्या हातात तीच पिशवी होती. तिने ती काउंटरवर ठेवली.

"डोकं आणलंय," ती म्हणाली.

चिडली असती तर बरं झालं असतं. आवाज चढवणारं गिऱ्हाईक मला सांभाळता येतं. मावशी नुसती स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्याकडून दहा वर्षांत एक मासा खराब निघाला नव्हता आणि मी पहिल्याच फटक्यात डोकं परत यायची वेळ आणली होती. मला मनापासून लाज वाटली.

मी वही काढली आणि गुरुवारी विचारायचे प्रश्न सोमवारी विचारले. बसतेस कुठे? मॉनिटरच्या मागे, बुटक्या स्टुलावर. टेबल? नाही, मांडीवर. प्लग? नाही. किती तास? बारा. उन्हात काम असतं? अर्धं. नेतेस कशातून? फेरीबोट, बस, रिक्षा. खारं वारं, धूळ? दोन्ही.

पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. हलका हवा, आवाज नको, बॅटरी तगडी हवी, स्क्रीन उजळ आणि मॅट, म्हणजे आरशासारखी न चमकणारी. की-बोर्ड असा की खाली न बघता टाइप करता येईल. ताकद बेताची चालेल.

"मग तो मऊवाला?" मावशीने विचारलं.

"नाही. त्याची स्क्रीन उन्हात आंधळी होते. आणि बोटीत चढता उतरता त्याची बिजागरी सहा महिन्यांत हातात येईल."

"मग नवा प्रोफेशनल."

"तो अगदी बरोबर आहे. पण तुझं जाळं जातं."

मी आतल्या खोलीत गेले आणि चार लॅपटॉप घेऊन आले. करडे, साधे, चेहऱ्याने सरकारी. मोठ्या कंपन्या आपल्या लोकांना प्रोफेशनल लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. जुने आमच्यासारख्यांकडे येतात. आम्ही ते उघडतो, साफ करतो, बॅटरी बदलतो, तपासतो आणि विकतो. त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. जात प्रोफेशनलची, किंमत बजेटपेक्षाही थोडी खाली.

"म्हणजे वापरलेला," प्राची म्हणाली. तिचा चेहरा उतरला. नव्या नोकरीला जुना लॅपटॉप, हे बाविसाव्या वर्षी मलाही झेपलं नसतं.

"म्हणजे शिळा," मावशी म्हणाली. तिने लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. "सुजाता, मी उभ्या जन्मात कुणाला शिळं दिलं नाय. घरात पण आणलं नाय."

हा अडथळा मी गृहीत धरला नव्हता. कोळणीला शिळं विकायला निघाले होते. घड्याळात सात वाजत आले होते आणि सकाळी सातला प्राचीला सेटवर पोचायचं होतं. मला जे सुचलं ते बोलले.

"मावशी, आमच्या गावाला समुद्र नव्हता. पण आठवड्याच्या बाजारात सुके बोंबील यायचे. माझी आई चुलीवर भाजायची, सगळ्या गल्लीला कळायचं. इथलेच असणार ते, तुमच्याकडचेच. कधी पकडलेले, कधी सुकवलेले, कुणास ठाऊक. त्याला आम्ही कधी शिळं म्हटलं नाही. तू म्हणतेस?"

मावशीने मान वर केली. "सुकं येगळं, शिळं येगळं."

"का?"

"शिळं म्हणजे तसंच पडलेलं. सुकं म्हणजे टिकावं म्हणून कुणीतरी मेहनत घेतलेली. उन्हात घातलेलं, फिरवलेलं, राखलेलं."

"मग हेही सुकं आहे."

मला वाटलं, जिंकले. मावशीने लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"माझं सुकं कुणी सुकवलं ते मना ठावं असतं. हे कुणी सुकवलं?"

"मी."

"दाखव."

मग मी आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकासाठी न केलेली गोष्ट केली. चारही लॅपटॉप उलटे केले, स्क्रू काढले आणि पाठी उघडल्या. ही नवी बॅटरी. हा पंखा, ब्रशने साफ केलेला. हा प्रोसेसर, त्याच्यावर नवी पेस्ट, उष्णता बाहेर काढायला. मावशी वाकून बघत होती. माशाचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघावं, तसं तिने बोटाने एकेक कोपरा बघितला. मग खाली वाकली आणि वास घेतला.

"मावशी, लॅपटॉपला वास नसतो."

तिने लक्ष दिलं नाही. पहिल्याचा घेतला. दुसऱ्याचा घेतला. तिसऱ्यापाशी थांबली, परत घेतला.

"ह्यात दूध नासलंय."

"काय?"

"दूध. चाय सांडली असंल. हा नको."

मी तो लॅपटॉप स्वतः तपासला होता. चालू होत होता, बंद होत होता, सगळ्या टेस्ट पास. मी वास घेतला, मला स्क्रू साफ करायच्या स्पिरिटशिवाय काही आलं नाही. पण मावशीच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, म्हणून मी की-बोर्ड सुटा केला. खाली, एका कनेक्टरच्या कडेला, हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. बाजूला तपकिरी ओघळ. चहा. दुधाचा, साखर घातलेला. अजून दोन-तीन महिन्यांत तो लॅपटॉप एका सकाळी उठलाच नसता. कदाचित नायिका रडत असतानाच.

एकोणीस वर्षांचा अनुभव घेऊन मी त्या ओघळाकडे बघत बसले. प्राची पहिल्यांदा मोकळी हसली.

"आईने नाकाने टेस्ट केली," ती म्हणाली.

"तुझी ती मिशिनं बगतात, माझं नाक बगतं," मावशी म्हणाली आणि चौथ्याचा वास घेऊन तोच पुढे सरकवला. "हा. आता आवाज ऐकव."

दुकानातला पंखा बंद केला. शटर अर्धं खाली ओढलं. लॅपटॉपवर एकदम वीस फाइल्स उघडल्या, शंभर फोटो टाकले. मावशीने कान लावला. प्राचीने लावला. मी लावला. बाहेरून रिक्षाचा हॉर्न येत होता, आतून काही नाही. मग तो बाहेर नेऊन समोरच्या मेडिकलवाल्याच्या पांढऱ्या फक दिव्याखाली धरला. अक्षरं सगळी वाचता आली. मेडिकलवाल्यानेही वाचली.

प्राचीने मांडीवर घेऊन दोन ओळी टाइप केल्या. 'उजवा हात. कप निळा.' मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ह्याची बटणं छान आहेत हो." जुनेपणाचं पुन्हा तिने काही काढलं नाही. मावशीने त्याचं पोट शेवटचं एकदा दाबलं, मान हलवली आणि पैसे तिथेच मोजले. जाळ्याला हात न लावता.

मंगळवारी सकाळपासून मी फोनकडे बघत होते. एका गिऱ्हाइकाला माउसच्या ऐवजी चार्जर दिला. दुपार झाली तरी काही नाही. मी स्वतःची समजूत घातली की काम करत असेल. मग वाटलं, घरी पाठवलं असेल. शेवटी रात्री आठ वाजता, दुकान आवरताना मेसेज आला, आणि तो एवढा लांब होता की मला चष्मा शोधावा लागला.

सकाळी टेक सुरू झाला. एसी बंद, पंखे बंद. नायिका पत्र वाचायला लागली आणि कोपऱ्यातून घूं आवाज आला. रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला. सगळ्यांनी प्राचीकडे बघितलं. प्राचीने आपला करडा लॅपटॉप उचलून त्याच्या कानाशी नेला. त्याने ऐकलं, मान हलवली आणि आवाजाच्या मागे मागे गेला. आवाज दिग्दर्शकाच्या खुर्चीखालून येत होता. तिथे त्यांचा स्वतःचा नवा कोरा लॅपटॉप चालू होता, लाल रेघेचा. युनिटमधलं कुणी हसलं नाही, कारण नोकऱ्या सगळ्यांनाच हव्या होत्या.

मोहिनी मॅडमनी दिवसभर काहीच म्हटलं नाही. पॅकअपच्या आधी प्राचीच्या नोंदी वाचल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठून घेतलास?" आणि मग म्हणाल्या, "उद्या सहाला ये. सातला नको."

'सहाला ये' या दोन शब्दांत नोकरी असते, हे मलाही कळलं. मेसेज वाचून मी दुकानात एकटीच हसत होते आणि डोळेही पुसत होते. मेडिकलवाल्याने समोरून खुणेने विचारलं, काय झालं? मी त्याला अंगठा दाखवला.

त्यानंतर माझ्या कामात दोन बदल झाले. पहिला, भिंतीवरची पाटी मी उचलून समोर लावली, गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, म्हणजे मला दिसेल अशी. दुसरा, जुन्या लॅपटॉपचा लॉट घ्यायला गेले की आता मी प्रत्येकाचा वास घेते. व्यापारी आधी हसायचा. पहिल्याच लॉटमध्ये मी दोन चहावाले आणि एक फिनेलवाला बाजूला काढला, तेव्हापासून तो गोदामात उदबत्ती लावायला लागलाय. मी त्याला सांगितलं, उदबत्ती विझव, मग बोलू.

त्या रविवारी बाजारात गेले. वाटेत ठरवलं होतं की आज मासा आपण निवडायचा. इतकं सगळं शिकलो, एवढं तर जमेल. मावशीच्या पाटीपुढे बसले, एक सुरमई उचलली, पोट दाबलं, कल्ला उघडून बघितला, वास घेतला. अगदी साग्रसंगीत. म्हटलं, "ही दे."

मावशीने सुरमई माझ्या हातातून काढून घेतली.

"ताजी आहे ना?"

"एकदम ताजी."

"मग?"

"मग काय? घरात किती माणसं? तळायचं का कालवण?"

मी म्हटलं, "आज चौघं. कालवण."

तिने सुरमई बाजूला ठेवली, ओलं फडकं उचललं आणि बांगडे काढले. दहा वर्षं दर रविवारी ती मला हेच विचारत होती. मला वाटायचं, गप्पा मारतेय.